कापडाच्या दुकानानंतरची गल्ली

आई, परवा भर दुपारी मी आपल्या घाटंजीच्या मेन रोडवर उभी होते आणि मला घरी जायचा रस्ता आठवेना. हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. लेकीला पुण्याला फोन लावला होता, पण ती कामात होती, आणि तिचा परत फोन आला तेव्हा मी तिच्याशी तुरीच्या डाळीबद्दल बोलत बसले. म्हणून तुला लिहिते. हे कसं असतं, ते तुला समजावून सांगावं लागणार नाही.

मेडिकलमधून गुडघ्याच्या गोळ्या घेऊन परत येत होते. कापडाचं दुकान संपलं की डावीकडे वळायचं, ही आपल्या गल्लीची खूण. पाय सवयीने चालत होते, पण कापडाचं दुकान काही येईना. मोबाईलचं दुकान आलं, मग बिर्याणीचं हॉटेल, मग रेडीमेड कपड्यांचं शोरूम आणि त्याच्या काचेत बिनमुंडक्याचे पुतळे. पुढे पुन्हा मोबाईलचं दुकान. ते मघाचंच की दुसरं, कळेना. मी मागे वळले, तर मागचा रस्ताही ओळखीचा दिसेना. कोणाला विचारावं, तर काय विचारावं? जन्म गेला त्या गावात, माझं घर कुठे आहे म्हणून?

समोर एक मोमोजचं छोटं दुकान होतं. काउंटरवरची मुलगी बाहेर आली.

"आजी, कोनाची वाट पाहून राह्यल्या का?"

"नाही गं. मोमोज दे एक प्लेट," मी म्हणाले. मोमोज मी आयुष्यात खाल्लेले नाहीत.

तिने स्टूल दिलं, पाणी दिलं. प्लेट मांडीवर धरून मी बसून राहिले. चेहरा मात्र मी गिऱ्हाइकाचा ठेवला होता. काही वेळाने शेजारच्या बोळातून पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागल्याचा आवाज आला. आपल्या गल्लीतली गिरणी! त्या आवाजासरशी सगळं जागच्या जागी आलं. मी ज्या दुकानात बसले होते, तेच आधीचं कापडाचं दुकान होतं. वळण माझ्यापासून चार पावलांवर.

घरी येऊन मी स्वतःची समजूत घातली, की दुकानं बदलली म्हणून चुकले. पण आई, कापडाचं दुकान बंद होऊन वर्ष उलटलं. शेठजींनी शेवटचे तागे विकले तेव्हा मीच तिथून उशांच्या अभ्र्यांचं कापड आणलं होतं. मोमोजच्या त्या पाटीसमोरून मी रोज जाते. म्हणजे बदललं ते माझ्या आतच काहीतरी. तुझं सुरू झालं तेव्हा तू माझ्याच वयाची होतीस.

तेव्हा मी पंचायत समितीत नोकरीला होते. ऑफिसात फोन वाजायचा आणि हॉटेलवाले काका बोलायचे, "बाई, माय माह्या हॉटेलात बसली हाये. घाई नोको करू, चाय पिऊन राह्यली." मी धावत जाते तर तू बाकावर ऐटीत बसलेली, समोर आलूबोंडा. कधी बांगडीवाल्या चाचीच्या गादीवर असायचीस. तुझ्या हातात तिने नव्या बांगड्या भरलेल्या असायच्या, आणि मला बघून ती म्हणायची, "अम्मा को डाँटना मत, मैंने ही बुलाया था." मी तुझा दंड धरला की तू तो झटकायचीस. "मले धरू नोको, लोकं पाह्यतात. मी हरवली नाही वं, बाजार पाहाले गेलती." एकदा मी रस्त्यातच रडायला लागले, तेव्हा काका गल्ल्यावरून उठून आले. म्हणाले, "कायले रडतं? रोड आपलाच हाये. जाऊन जाऊन कुठं जाईन माय?"

ते खरंच होतं. तू सगळा रस्ता चुकायचीस, पण रस्त्याने तुला कधी चुकू दिलं नाही.

तुझ्यानंतर काकाही गेले. हॉटेलच्या जागी आता बिर्याणी मिळते. चाची मुलाकडे यवतमाळला गेली. म्हणून काल सकाळी मी नीट साडी नेसून निघाले आणि दुकानादुकानात ओळख करून घेत फिरले. भीतीच तशी होती, दुसरं काय करणार? मोबाईलवाल्याकडून नको असलेलं कव्हर घेतलं आणि सांगितलं, "मी गिरणीच्या गल्लीत राहते." तो मान वर न करता "हो आंटी" म्हणाला. बिर्याणीच्या हॉटेलात मॅनेजरला म्हटलं, इथे आधी आलूबोंडे मिळायचे. तो म्हणाला, "आंटी, मैं तो पिछले महीने आया हूँ." शोरूममधल्या मुलीने आपणहून सांगितलं, की इथे कोणी दिवाळीच्या पुढे टिकत नाही. मी कोणाला माझा चेहरा पाठ करून द्यायचा गं? आज ओळख दिली तर उद्या तिथे दुसराच माणूस असणार. तुला शोधायला कोणाला कधी निघावं लागलं नाही. मला शोधायचं झालं, तर मी हरवले हे आधी कोणाला तरी कळायला हवं.

शेवटी मोमोजच्या दुकानात गेले. त्या मुलीने लगेच ओळखलं. स्टूल पुढे सरकवलं, म्हणाली, "काल घाबरल्या होत्या ना तुम्ही? मले समजलं होतं, पन कसं विचारू?" मी स्टुलावर टेकले. मग ती म्हणाली, "आजी, नाव सांगून ठेवा ना तुमचं. कधी गरज पडली तर बाजूले विचारता येते." इतकं बरं वाटलं मला. मी नाव सांगितलं, आडनावासकट, अगदी ठासून. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं.

गल्लीत वळले, कुलूप उघडलं, चपला काढल्या, आणि तेव्हा लक्षात आलं, की मी तिला तुझं नाव सांगितलं.

दुरुस्त करायला मी अजून गेलेले नाही.