घुशीचं पारणं

रविवार, ९ नोव्हेंबर
सोसायटीची मीटिंग. विषय एकच: घूस. तिने पार्किंगखालची जमीन पोखरलीय. चेअरमन गोपाळकृष्ण दामल्यांची स्कूटर परवा स्टँडसकट खाली गेली. ते म्हणाले, विषाच्या वड्या टाकू, विषय संपेल. तळमजल्यावरचे कासिमभाई खाली मान घालून बसले होते. त्यांची पांढरी मांजर, बिजली, दिवसभर त्याच पार्किंगमध्ये लोळत असते. विष खाल्लेली घूस मांजराने खाल्ली तर मांजरही जातं. मला राहवलं नाही. उठलो आणि म्हणालो, मी खेड्यात वाढलोय, घूस जिवंत पकडून देतो, विष आणू नका. सगळे वळून बघायला लागले. दामल्यांनी पुढच्या रविवारपर्यंत मुदत दिली. तोवर स्कूटर हॉलमध्ये झोपवतो, म्हणाले.

जिन्यात कासिमभाईंनी माझा हात धरला. घरी येऊन वेणूला सांगितलं, हे माझ्याकडून पांडुरंगानेच बोलवून घेतलं. ती म्हणाली, गावाकडे घुशी मामंजी पकडायचे, तुम्ही पलंगावर चढून बसायचा. असेल. वरून नीट दिसतं.

सोमवार, १०
कासिमभाईंचं शनिवार पेठेत ग्रिल वेल्डिंगचं दुकान आहे. दुपारीच पिंजरा करून आणला. म्हणाले, भिंतीला चिकटून ठेवा, बिळापासून हातभर. घूस भिंतीच्या कडेनेच चालते. आत कांदाभजी ठेवा. दुधातुपाचं काही नको, बिजली येईल.

भला माणूस. पण या विषयात विचार जरा वरवरचा. जागा निवडायची तर घुशीच्या मनात शिरलं पाहिजे. मी पार्किंगमध्ये बराच वेळ डोळे मिटून उभा राहिलो. मी घूस असतो तर त्या ओल्या, अंधाऱ्या कडेला केव्हाच कंटाळलो असतो. म्हणून पिंजरा ईशान्येला ठेवला, मोकळ्यावर, तोंड पूर्वेकडे. मुलांच्या घसरगुंडीपासून लांब. आत पाण्याची वाटी, वर उन्हासाठी गोणपाट. पकडलेल्या जिवाची जबाबदारी आपली. कांद्याला मात्र माळकऱ्याचा हात लागणार नाही. भाकरी आणि गूळ ठेवला.

मंगळवार, सकाळी साडेसहा
भाकरी नाही. गूळ नाही. घूसही नाही. दार उघडंच. म्हणजे लोकेशन अचूक आहे. बाकी किरकोळ.

बुधवार, १२
पुन्हा तेच. कासिमभाई पिंजरा बघून म्हणाले, खटका उलटा लावलाय, हे दार सात जन्मांत पडणार नाही. मी म्हणालो, मुद्दाम लावलाय, आधी तिचा विश्वास बसू दे. हे मला त्याच क्षणी सुचलं, पण म्हणून ते खोटं ठरत नाही. त्यांनी मान डोलावली आणि पिंजऱ्याकडे बघत उभे राहिले.

गुरुवार, १३
ती सापडल्यावर सोडायची कुठे? हाफ डे टाकला. नदीकाठ पाहिला, तिथे वस्ती. टेकडी पाहिली, तिथे हास्यक्लब. आपली पीडा दुसऱ्याच्या दारात सोडायची नाही, हे तत्त्व. पार अंधार पडेपर्यंत हिंडलो, एकही जागा पटली नाही. त्या दृष्टीने ती अजून सापडली नाही हे बरंच झालं.

शुक्रवार, १४
काल रात्री खटका सरळ लावला, तेल दिलं. आज भाकरी जशीच्या तशी. ती फिरकलीच नाही.

हे मनाला लागलं. इतके दिवस रोज ताजी भाकरी खाल्ली, आणि माझी वेळ आली तेव्हा पाठ फिरवली. माणसांकडून हे पाहिलं होतं.

दामले जिन्यात भेटले. म्हणाले, आपल्या घुशीने बीळ रुंद करून घेतलंय, तब्येत सुधारली असावी. वेणूने विचारलं, तिच्यासाठी कणीक वेगळी भिजवायची का, आपली पुरत नाही. मी जपाला बसलो.

शनिवार, १५. एकादशी
आजच्या दिवशी कोणाला अडकवायचं नाही. खटका दोऱ्याने बांधून टाकला. धान्य चालणार नाही म्हणून साबुदाण्याची खिचडी ठेवली, उकडलेलं रताळं ठेवलं. हात जोडले. कासिमभाईंच्या घरच्या, कमरजहांभाभी, खिडकीतून बघत होत्या. त्यांनी हळूच पडदा ओढून घेतला. दुसऱ्याच्या भक्तीचा केवढा आदर.

संध्याकाळी पाहतो तर खिचडी साफ. शेंगदाण्याचा कूटसुद्धा चाटलेला. मला भरून आलं. काल ती भाकरीला का शिवली नसेल, ते कळलं. दशमीपासूनच धरत असणार. कालचं लिहिलेलं मी मनातून मागे घेतो. उद्या ती येणार.

रविवार, १६. सकाळी सहा
बारस. उपवास केलेल्याला पारणं घडलं पाहिजे. दोरा सोडला, खटका सरळ लावला. आत दूधभात, वर साजूक तूप. कासिमभाई दुधाबद्दल काही म्हणाले होते खरे, पण ते एरवीच्या दिवसांसाठी असावं. मीटिंग दहाला. सगळ्यांना पिंजऱ्यापाशीच बोलावलंय. गोणपाट माझ्या हातानेच काढणार.

दुपार
डाव्या हाताने लिहितोय.

गोणपाट काढलं. आत बिजली. दूधभात संपलेला, शेपटी दारात अडकलेली. दामले चष्मा वर करून वाकले आणि म्हणाले, "अरे वा, पांढरी निघाली."

मी घाईने दार उचललं. तिने माझा उजवा हात कोपरापर्यंत ओरबाडला. जिच्यासाठी आठवडाभर झोप नाही, तिने. डॉक्टर नंतर म्हणाले, पाच इंजेक्शनं. मी हाताला रुमाल गुंडाळत होतो, तेवढ्यात घूस बाहेरून आली, सगळ्यांच्या देखत भिंतीच्या कडेकडेने चालत गेली आणि बिळात शिरली. ईशान्येकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मग मतदान. विष की पिंजरा. पिंजऱ्यासाठी मी हात वर केला, रुमाल गुंडाळलेला. विषासाठी पहिला हात कासिमभाईंचा. मला वाटलं, त्यांचा काहीतरी गोंधळ झाला. म्हणालो, कासिमभाई, विषाच्या वड्या आहेत, बिजलीचा विचार करा. ते तिला मांडीवर घेऊन शेपटी चोळत होते. रागावले असते तर सोसलं असतं. आवाज नेहमीचाच, मऊ.

"विषापासून तिला घरात कोंडून वाचवता येईल, रंगराव," ते म्हणाले. "चार दिवसांचा प्रश्न आहे. तुम्ही तर कायमचे इथेच राहता."

ठराव मंजूर. विरोधात एक मत.

वेणू माझ्या शेजारीच उभी होती.