आधी हात की आधी मी

ती. दादास,

तुला नमस्कार आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. वहिनीचा दमा, तुझी झोप आणि तुझा राग या तिघांच्या प्रकृती कशा आहेत ते कळव. (अकरा वर्षांत तुझी चार पत्रं आली, चारही एका पोस्टकार्डावर मावली असती, म्हणून विचारतो.) आम्ही इकडे ठीक. मला रक्तदाब आहे, पण तो आता घरातलाच झालाय.

पत्रास कारण की विज्ञानाने मला निर्दोष सोडलं आहे. तुझ्या लिफ्टमनच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, तू आपल्या लिफ्टचं हँडल जमा करून, पत्र्याची पेटी उचलून सातव्या मजल्यावर माझ्या लिफ्टकडे येत होतास, आणि तुझ्या तोंडावर जाळीचं दार ओढून रिकामी लिफ्ट खाली गेली, ती मी नेलीच नव्हती. तू सात मजले जिना उतरून आलास तेव्हाही मी कळवळून हेच सांगत होतो, की हात आपोआप गेला. तू थांबलासुद्धा नाहीस, सरळ दुसऱ्या गावी बिऱ्हाड केलंस. आता माझ्याकडे पुरावा आहे.

झालं असं, की माझी सून मेंदूच्या प्रयोगशाळेत काम करते आणि त्यांना म्हातारी डोकी कमी पडत होती. माझ्या टकलावर (तारा चिकटवायला फार सोयीचं आहे, असं सगळ्यांनी कौतुक केलं) वीस-बावीस तारा लावल्या. समोर भराभर फिरणारा काटा, हाताशी एक बटण. मनात येईल तेव्हा बटण दाबायचं, आणि दाबायचं ठरवलं त्या क्षणी काटा कुठे होता ते सांगायचं, बस्स. दादा, मी पंचवीस मिनिटं नुसता बसून राहिलो. आपल्या मनात आलं म्हणून बटण दाबायचं, ही कल्पनाच चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवली नव्हती. शेवटी सुनेने काचेपलीकडून विचारलं, "बाबा, डोळा लागला का?" मी म्हटलं, "नाही गं, अजून कुणी आलंच नाही. मजला कोण सांगणार?" सगळी प्रयोगशाळा हसली. ती सकाळ फुकट गेली.

दुसऱ्या दिवशी मी युक्ती केली. डोळे अर्धे मिटून आपलं जुनं दार समोर आणलं, आणि माणसं येऊ लागली. पाचव्या मजल्याची टायपिस्ट, जी चौथ्यापर्यंत गुणगुणायची आणि मग एकदम गंभीर व्हायची. नकाशे काढणारे साहेब, जे मजला कधी सांगत नसत, नुसते खोकत. आणि ते अगडबंब वकील, ज्यांचं वजन धरून तू हँडल टिचभर आधी सोडायचास. माझी लिफ्ट तेव्हा मजल्याच्या वर नाहीतर खाली थांबायची, लोक अडखळून मला शिव्या घालायचे. महिनाभर तू माझ्या हातावर हात ठेवून मागे उभा राहिलास. "हँडल आधी मनातून सोडायचं, मग हातातून," म्हणायचास. तुझी लिफ्ट अशी थांबायची, की चहावाल्याच्या ट्रेमधले कप वाजत नसत. दुपारी दोन्ही लिफ्ट तळमजल्यावर शेजारी लावून आपण एकाच डब्यात जेवायचो. "मला आज भूक नाही," म्हणत तू भाजी माझ्याकडे सरकवायचास आणि मी बावळट ते खरं मानायचो. ते दिवस मला फार आठवतात, दादा. बटण किती वेळा दाबलं ते कळलंही नाही.

निकाल असा, की मला कळायच्या जवळजवळ अर्धा सेकंद आधीच माझ्या मेंदूची हालचाल सुरू झालेली होती. आधी तो, मागून मी! मी खुर्चीवरून उठलोच (तारा तुटल्या, त्याबद्दल बोलणी खाल्ली). सुनेला म्हटलं, हे माझ्या दादाला लेखी दे. ती म्हणाली, "पण बाबा, सुरुवात मेंदूने केली तरी थांबायला माणसाला जरासा वेळ मिळतो, असंही काही जण म्हणतात. त्यावर भांडणं चालू आहेत." मी म्हटलं, तेवढं वाक्य गाळ. सोबत आलेखाचा कागद जोडला आहे. वहिनीलाही दाखव.

तुझा निर्दोष,
धाकटा

ता. क. : पाकीट चिकटवता चिकटवता उघडलं. माझ्या लिफ्टचं दार कसं अडायचं ते तुला ठाऊक आहे. दोन्ही हात लावून तीन हिसके दिल्याशिवाय ते मिटत नसे. तीन हिसके अर्ध्या सेकंदात होत नाहीत. पहिल्या हिसक्यानंतर मी तुझ्याकडे पाहिलंही होतं. तू पेटी घेऊन येत होतास आणि मला वाटलं, याला खाली सोडलं की हा गेला. तेवढा एक माणूस मला खाली न्यायचा नव्हता. दार मीच ओढलं, दादा. चुकलं माझं.

ता. क. २ : आलेख फाडून टाक आणि इकडे ये. अडचण एवढीच, की मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तुझ्यासाठी खुर्ची ठेवून आठ दिवस झाले. खालच्या मजल्यावरच्या बाई रोज भांडायला येतात. तू येईपर्यंत मी खुर्च्या हलवणार नाही.