आधी चढण्याचे जादा पैसे

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. नमस्कार खरं तर उभ्यानेच घालते आहे, कारण हल्ली मला कुठे बसवतच नाही, आणि हे पत्रसुद्धा इस्त्रीच्या टेबलावर उभी राहून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर ते टेबलावरच्या गादीमुळे, माझ्या मन:स्थितीमुळे नव्हे. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम स्वतः करतेस की भावोजींना करायला लावून आपण बघत बसतेस? भावोजींना नमस्कार सांग. त्यांचा कोट अजून काखेत धरतो का तेही कळव. (हे म्हणतात, कोट जसा होता तसाच आहे, भावोजी तसे राहिलेले नाहीत. पण हे त्यांना वाचून दाखवू नकोस.) इकडे आमचं सगळं ठीक आहे. म्हणजे तब्येती ठीक आहेत, दुकान महिनाअखेर बंद करायचं ते ठरल्यासारखं होतं आहे, गिऱ्हाइकं रोज येऊन हळहळून जातात आणि जाताना शेवटची म्हणून एक पँट टाकून जातात. ठीक नाही ते एवढंच, की मला जहाजात आधी चढायचं की नाही ते ठरत नाही.

आम्ही दोघं दुकान बंद झालं की आठवडाभर क्रूझवर जाणार हे तुला कळवलंच होतं. गेल्या आठवड्यात प्रवास कंपनीतल्या चष्मेवालीचा फोन आला. (तिच्या कोटाची कंबर आपल्याकडेच आवळलेली आहे, म्हणून ती माझ्याशी जरा जपून बोलते.) म्हणाली, थोडे जादा पैसे भरलेत तर रांगेत न थांबता सगळ्यांच्या आधी जहाजात चढता येईल, पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवा. बस, एवढंच बोलली आणि फोन ठेवून मोकळी झाली. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. सकाळी वाटतं, भरून टाकावेत. दुपारी वाटतं, तेवढ्या पैशात चांगल्या कोटाचं कापड येईल. संध्याकाळी वाटतं, आता दुकानच बंद होणार तर कापड घेऊन करू काय, आणि पुन्हा सकाळच्या विचारावर येते.

तू म्हणशील, एवढ्याशा गोष्टीचं हिला काय झालंय. ताई, तुला म्हणून सांगते, गोष्ट एवढीशी नाही. दुकानात आम्ही दोघं जन्मभर समोरासमोर बसलो, पण मध्ये नेहमी कोणाची तरी पँट होती. बोललो ते पँटीबद्दल, भांडलो ते पँटीवरून, आणि भांडण मिटलं तेही ती पँट न्यायला कोणी आलं म्हणून. जहाजावर पँट नसणार. (म्हणजे अंगावर असणार, मध्ये नसणार.) तिथे ह्यांच्याशी मी काय बोलणार, आणि हे माझ्याशी काय बोलणार? एक आठवडा! आणि वर जादा पैसे भरून तो आणखी एका दुपारीने वाढवायचा का, असा हा प्रश्न आहे. आता सांग, झोप कशी लागेल?

आधी मात्र मला हे असं काही सुचलंच नव्हतं. आधी चढायला मिळतंय म्हटल्यावर मी हरखलेच होते, कारण आपल्या घरात आधी चढायचं काम माझंच. आठवतं ना? बस थांबायच्या आत बाबा मला उचलून खिडकीतून आत सोडायचे. मी बारीक आणि चपळ, म्हणून मी खिडकीतून, आणि तू मोठी म्हणून ऐटीत दारातून. मग मी एका बाकावर स्वेटर, एकावर पिशवी, एकावर पायातला बूट असं पसरून, उरलेल्यावर स्वतः आडवी होऊन सगळ्यांच्या जागा धरायची. किती लोकांच्या शिव्या खाल्ल्या असतील. आणि घरचे सगळे येऊन बसले की नेमकी मला जागा उरायची नाही, मग मी बाबांच्या मांडीवर नाहीतर दाराशी उभी. तेव्हा वाईट वाटायचं. आता लिहितानाही थोडं वाटलं.

तर त्याच सवयीने मी दुसऱ्या दिवशी चष्मेवालीच्या ऑफिसात गेले आणि विचारलं, आधी चढल्यावर जागा धरायला काय काय न्यावं, स्कार्फ चालतील की जड काही ठेवावं लागेल, कारण समुद्रावर वारा असतो. तिने चष्मा काढून पुसला. म्हणाली, मावशी, तुमची खोली ठरलेली आहे, दारावर तिचा नंबर आहे, जेवायचं टेबलसुद्धा ठरलेलं आहे. मी म्हटलं, ते झालं, पण वर उन्हात बसायच्या खुर्च्या? तर त्यांच्यावर सामान टाकून निघून गेलं तर कर्मचारी ते उचलून ठेवतात म्हणे. मग लोक जादा पैसे भरून आधी जातात ते कशासाठी? तर आराम करायला. किती वेळ? जहाज सुटेपर्यंत. मला तोंडात मारल्यासारखं झालं. पैसे भरले तर दुपारभर बसून काही करायचं नाही, आणि नाही भरले तर दुपारभर रांगेत उभं राहून काही करायचं नाही, यातलं एक निवडायचं होतं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे बँडमास्तरच्या लाल कोटाच्या बाह्या उसवत बसले होते (बँडमास्तर बारीक झाला आहे, त्याच्या बँडमध्ये कोणाचंच नीट चाललेलं नाही). तुला ह्यांचं माहीत आहेच. ह्यांना सुई ओवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी एखाद्या गिऱ्हाइकाशी भांडून परत गोडीसुद्धा करून टाकते. माझं सगळं ऐकून घेतलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, जहाज सगळ्यांना घेऊनच निघतं. झालं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हेच तर ह्यांच्याशी संसार करण्यातलं खरं दुखणं.

मग मी ठरवलं, आपण आपली परीक्षा घ्यावी. रांगेत उभं राहून बघावं, निभलं तर पैसे वाचले. आमच्याकडे सगळ्यात रेंगाळणारी रांग वीज कंपनीच्या ऑफिसातली, म्हणून तिथे गेले. काम काहीच नव्हतं, पण रांगेत उभं राहायला काम लागतं असं कुठे लिहिलेलं नाही. पहिला थोडा वेळ बरा गेला. भिंतीवरच्या सूचना वाचल्या, पर्स आवरली, पुन्हा विस्कटून पुन्हा आवरली. मग माझ्या पुढच्या गृहस्थांच्या जाकिटाकडे लक्ष गेलं. मागची किनार उसवून लोंबत होती. ताई, मी फार कळ काढली. छताकडे बघितलं, शेजारच्या बाईला मुलं किती ते विचारलं. पण माझ्या गळ्याशी दोरा ओवलेली सुई सदाचीच टोचलेली असते, आणि ते गृहस्थ इतके स्वस्थ उभे होते की मापासाठी उभे राहिल्यासारखे वाटत होते. मी हळूच चार टाके घातले. पाचव्याला रांग पुढे सरकली. ते पुढे, सुई माझ्या हातात, आणि दोरा दोघांच्या मध्ये. त्यांनी खिशाला हात लावून मागे बघितलं. मी म्हटलं, थांबा, गाठ मारायची राहिली आहे. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सांगू शकत नाही, पण गाठ मारून दोरा तोडेपर्यंत ते थांबले, आणि मग आपली जागा सोडून रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभे राहिले. सबंध रांग माझ्यापासून हातभर लांब सरकली.

एवढं होऊन खिडकीशी पोचले तर आतल्या कारकुनाने विचारलं, काय तक्रार? तक्रार कसली असणार? पण मागे एवढी माणसं, काही नाही म्हणायची छाती होईना. म्हणून म्हटलं, मीटर जोरात पळतो. (आमचा मीटर म्हणजे ह्यांचाच भाऊ, कधी पळालेला नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि तपासणीसाठी म्हणून मीटर काढून घेऊन गेली. दुकानात अंधार. मशीन बंद, इस्त्री बंद, आणि बँडमास्तरचा कार्यक्रम तोंडावर आलेला. माझी पाचावर धारण बसली. ह्यांनी मात्र खुर्ची उचलली, दाराशी उजेडात नेऊन ठेवली आणि कोट हाताने शिवायला घेतला.

ह्यांचं काम चालू आणि माझं ठप्प. आता लक्षात आलं का ताई, जहाजावरची दुपार मला दुकानातच भेटली. मी फडताळं पुसली. बटणं रंगांप्रमाणे लावली, मग मोडून आकारांप्रमाणे लावली. तीनदा रस्त्यावर जाऊन वीजवाले येतात का बघून आले. शेवटी हे मान वर न करता म्हणाले, जरा बस आणि ही बाही धरून ठेव. धरली. ती बाही धरायची काही गरज नव्हती, मला काय कळत नाही? हातशिलाईला बाही कोणी धरत नाही. पण धरून बसले. मग हे आपणहूनच बोलायला लागले. जहाजावरच्या कप्तानाच्या कोटाची पाठ एका तुकड्याची असते की दोन, ते ह्यांना जवळून बघायचं आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत एकदा समुद्र बघितला होता, तेव्हा बूट भिजले म्हणून घरी मार खाल्ला, आणि ह्या वेळी मुद्दाम बूट भिजवणार आहेत. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. उजेड जाईपर्यंत मी एकदाही उठले नाही. मला फार बरं वाटलं. हे वाक्य मी मागाहून खोडणार आहे.

तर सांगायची गोष्ट अशी की लिहिता लिहिता माझं ठरलं. जादा पैसे भरायचे नाहीत. रांग तर रांग. दोघं मिळून उभं राहिलं तर दुपार जाईल असं मला वाटायला लागलं आहे. शेजारीण उद्या तुमच्याच बाजूला निघाली आहे, पत्र तिच्या हाती देते. फोनवरच बोलले असते, पण फोन दुकानात आणि ह्यांचे कानही दुकानात. गुडघ्याला जप. भावोजींना मान, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. मीटर तपासून परत आला. तो इतकी वर्षं फारच हळू चालत होता असं निघालं. आता नवीन बसवला आहे, आणि तो खरोखरच पळतो. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा उघडलं. आत्ता चष्मेवाली कोटाचं बटण लावून घ्यायला आली होती. म्हणाली, मावशी, अभिनंदन, काका काल येऊन जादा पैसे भरून गेले. मी म्हटलं, दोघांचे? तर नाही, फक्त माझे. ह्यांनी तिला सांगितलं म्हणे, तिला रांगेत उभं राहवत नाही, तिला आधी जाऊन निवांत बसू दे, मी बॅगा घेऊन मागून सावकाश येतो. किती काळजी करतात, असंही ती म्हणाली. मी तिचं बटण वाकडं लावलं, आणि ते तिच्याही लक्षात आलं. मला राग आला, आणि चांगुलपणाचा राग का यावा ते कळेना म्हणून आणखी आला. हे तिकडे दाराशी शांतपणे काजं करत बसले आहेत. आपण केवढं मोठं काम केलं असा चेहरा आहे. मला बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

ता. क. ३. आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. शुक्रवारच्या आत ह्यांना फोन कर. तुझ्या शब्दाबाहेर हे कधी गेलेले नाहीत. म्हणावं, भरायचे तर दोघांचे भरा, नाहीतर माझेही रद्द करा. (दोन्ही चालतं, मी चष्मेवालीला विचारून ठेवलं आहे.) माझं नाव मात्र काढू नकोस, तुलाच सुचलं असं दाखव. तू म्हणशील, एवढं आहे तर तूच का नाही सांगत, माणूस तर समोर बसला आहे. सकाळपासून दोनदा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. पण ताई, लग्न झाल्यापासून मी ह्यांना नुसतं 'आटपा' म्हणत आले. 'माझ्याबरोबर चला' हे कुठल्या आवाजात म्हणायचं असतं, ते मला येत नाही.