एका फोटोपुरता फ्लॅश

प्रिय दादा,

तुझा जुना फ्लॅश परत पाठवतेय. खोक्यात वरच हे पत्र ठेवलंय, म्हणजे आधी हे वाचशील. मी तुला सरळ विचारलं होतं, माझ्या कॅमेऱ्यावर लावायला पहिलाच फ्लॅश घेतेय, कुठला घेऊ? छंद माझा, कॅमेरा माझा. तू म्हणालास, "अगं, एका फोटोसाठी नवा कशाला? माझा पडलाय तो घे." एका फोटोसाठी. आईचा एक चांगला फोटो काढून ठेव, नंतर लागेल, हे तुझं त्याआधीचं वाक्य. ते मी तेव्हा गिळलं. आता गिळत नाही.

तुझ्या फ्लॅशचं डोकं वळत नाही. थोबाडीत मारावी तसा समोरून उजेड मारतो. आईचा चेहरा धुतलेल्या ताटलीसारखा पांढराफटक, मागे भिंतीवर काळी सावली, आणि अकराच्या अकरा फोटोंत डोळे मिटलेले. तुला पाठवले, तर तुझं उत्तर काय? "तिला डोळे उघडे ठेवायला सांग." डोळ्यांची दोन ऑपरेशनं झाल्यापासून तिच्यासाठी खिडकीचा पडदासुद्धा हळू सरकवावा लागतो, हे तुला कुणी सांगायचं? ऑपरेशनच्या वेळी तू कुठे होतास, हे विचारत नाही. नुसतं लिहून ठेवतेय.

मग मी दुकानात गेले. नवाच घ्यायचा तर असा घे, म्हणून तू नंतर पाठवलेली यादी जवळ होती. ताकद किती हवी, उजेड किती लांब जायला हवा. काउंटरवरच्या बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "मैदानात काढायचेत का फोटो?" मग त्यांनी विचारलं, कुणाचे काढणार. इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. आजारी आईचे, घरातच, म्हटल्यावर त्यांनी मध्यम ताकदीचा, वर आणि बाजूला डोकं वळणारा फ्लॅश काढला. उजेड किती टाकायचा ते तो कॅमेऱ्याशी जुळवून स्वतःच ठरवतो. डोकं छताकडे करा, म्हणाल्या, उजेड वरून उतरेल, त्यांना टोचणार नाही.

घरी येऊन तसंच केलं आणि आई हिरवी आली. नखशिखांत. छत हिरवं आहे हेच मी विसरले होते. रोज त्याखाली वावरते, पण वर बघतं कोण? रंग तूच निवडलेलास, डोळ्यांना थंड म्हणून. आईने कॅमेऱ्यात फोटो बघितला आणि म्हणाली, "चला, आता निदान आजारी तरी दिसते." हसताना तिला खोकला आला, मग बाबा तिच्यावर ओरडले, मी बाबांवर. तू असतास तर सगळेच तुझ्यावर ओरडलो असतो, सोय झाली असती.

शेवटी बाबा पलंगाशेजारी पांढरी चादर ताणून उभे राहिले आणि मी फ्लॅशचं डोकं त्या चादरीकडे वळवलं. "लग्नाला इतकी वर्षं झाली, चादर आज पहिल्यांदा हातात घेतलीत," आई त्यांना म्हणाली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात मी बटण दाबलं. डोळे उघडे आहेत. सगळी आई आहे त्यात.

तो फोटो तुला पाठवणार नाही. काल तू फोनवर पुन्हा मागितलास आणि मी फोन आपटला. एका फ्लॅशवरून एवढं काय, असं तुला वाटलं असेल. तुला सगळं माहीत नाही, हे मला कळतं. तरी राग येतो. गेल्या मंगळवारपासून डॉक्टर महिने म्हणत नाहीत, आठवडे म्हणतात. दादाला फोनवर यातलं अक्षर बोलायचं नाही, तो कामं टाकून धावत येईल, अशी आईने मला शपथ घातलीय. फोनवर मी काही बोललेले नाही. पत्राचं ती काही म्हणाली नव्हती. हे दुसऱ्यांदा वाचत बसू नकोस. नीघ.

रागावलेली, तरी तुझीच,
बारकी