दगडातली गाय, पत्रिकेतला वाघ

बाबा, परवा लोणारला जाऊन आलो. खाऱ्या पाण्याच्या काठावरच्या त्या पडक्या देवळात, जिथं तुम्ही अक्काला आणि मला लहानपणी नेलं होतं, तो दगड अजून आहे. गाय आणि वाघ एकाच कुंडीत तोंड घालून पाणी पितायत. वाघाचं नाक आता झिजून गायीसारखं झालंय. आणखी काही वर्षांनी कोण कोणाला खाणार ते ओळखूच येणार नाही.

त्या दिवशी तुम्ही खुशीत होता. डोक्याला पंचा गुंडाळून काठीनं एकेक जनावर दाखवत होता. हत्ती म्हणजे ऐश्वर्य, मगर म्हणजे गंगा, कासव म्हणजे आवरलेली इंद्रियं. या दगडापाशी थांबून म्हणालात, "जिथं धर्म नांदतो तिथं वैरही शेजारी उभं राहून पाणी पितं." अक्का विचारते, "मंग बाबा, गाय भेत काऊन नाही?" तुम्ही म्हणता, "कारागिरानं वाघाचं तोंड पाण्यात बुडवून ठेवलंय ना, म्हणून." केवढे हसलो होतो आपण! बाहेर पिंपळाखाली एक म्हातारा पोपटवाला बसला होता, पुढ्यात चित्रांची पानं मांडून: नाग, मोर, घोडा, वाघ. अक्कानं हट्ट धरला. पोपटानं चोचीनं वाघाचं पान ओढलं. "बेटी, शेर आया. शेर जैसा दूल्हा मिलेगा," म्हातारा म्हणाला. वाटेत तुम्ही अक्काला झापलंत, "कागदावरच्या जनावरानं माणसाचं नशीब ठरते का पोरी? शास्त्र्याची लेक ना तू?"

तुमचं ते वाक्य मी पाठ करून ठेवलं. शब्दरूपांपेक्षा पक्कं.

पुढं मेहकरच्या शाळेतल्या मास्तरांचं स्थळ आलं. अक्कानं दाराआडून त्यांना पाहिलं आणि त्या नादात पोह्यांत तिखट दुप्पट पडलं. मास्तरांनी सगळे खाल्ले आणि डोळे पुसत म्हणाले, "झकास झाले." आत अक्का हसू आवरत भिंतीला टेकली होती. तिला इतकं आनंदात मी पुन्हा पाहिलं नाही. तुम्ही मात्र पाटावर पत्रिका मांडून बसला होता. अक्काचं नक्षत्र उत्तरा, म्हणजे योनी, नक्षत्राचं जनावर, गाय. मास्तरांचं विशाखा, म्हणजे वाघ. "गोव्याघ्र वैर," असं म्हणून तुम्ही पत्रिका मिटल्या. आई म्हणाली, "अहो, माणूस तरी पाहा." तुम्ही म्हणालात, "पाहिला. वाघ आहे."

मग बीबी गावचं स्थळ काढलंत. मुलगा उत्तराभाद्रपदेचा, पत्रिकेत गाय. गायीला गाय, गुण नुसते उतू चाललेले. तुम्ही स्वतः पेढे वाटलेत. त्या गायीनं भाकरी करपली म्हणून अक्काचा डावा हात पिरगाळून मोडला. ती माहेरी आली, तेव्हा तुम्ही हाताकडं पाहिलं नाहीत, दशा पाहिलीत. "शनी उतरला की निवळेल," म्हणून तिला परत धाडलंत. शनी यथासांग उतरला. हात वाकडाच राहिला.

तुम्ही गेल्यावर मी तिला घरी आणलं. आता माझ्या स्वयंपाकघरात ती उजव्या हातानं भाकरी थापते, डाव्यानं नुसती परात धरते. मेहकरचा वाघ यंदा पेन्शनीत गेला. बायकोला दमा आहे म्हणून रोज स्वतः विहिरीचं पाणी भरतो आणि गल्लीतली माणसं त्याला हसतात. हे मी अक्काला सांगत नाही. तिला माहीत असणार.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीसाठी स्थळ आलं, सोबत मुलाची पत्रिका. अक्का म्हणाली, "चुलीत घाल ते. मले लाकडं कमी पडून राह्यली." मी हो म्हणालो. सगळ्या सोयऱ्यांत सांगत सुटलो की आमच्या घरी पत्रिका पाहत नाहीत, मुलगा पाहतात.

हे पत्र धाडू तरी कुठं? सरकारनं टपाल अजून वर तुमच्यापर्यंत नेलेलं नाही. हेही चुलीतच जाईल. फक्त एवढंच राहिलं: अक्का देवळात गेली होती तेव्हा, जाळण्याआधी, मी ती पत्रिका उघडली. मुलगा घोडा, आपली पोर हरीण. वैर नाही.

बाबा, मला बरं वाटलं.