घरातली मराठी बंद

होय आबा, वाचते आता तुमची नात. अजून ओळीखाली बोट ठेवूनच, पण इंग्रजी वाचते. सर्जापूर रोडला तिचं स्वतःचं केकचं दुकान आहे. मला पेढ्याएवढा तुकडा देते आणि म्हणते, शुगर आहे तुला. तुमचे जावई गेले तेव्हापासून मी तिच्याकडेच असते. तुमच्यासारखी लेकीच्या घरी लाजत नाही. तुम्ही बेंगळूरला आलात तेव्हा पाणी प्यायलासुद्धा अडून बसला होतात. मी म्हटलं, आबा, हे कावेरीचं पाणी आहे, जावयाचं नाही, प्या.

तेव्हा आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. थंडीत स्वैपाकघरात तुम्ही आणि नात अवरेकाई, म्हणजे आपले पावटे, सोलत बसायचात. तुम्ही कोल्ह्याची गोष्ट सांगायचात आणि दुसऱ्या दिवशी ती तीच गोष्ट, तुमच्या खोकल्यासकट, मला ऐकवायची. एक शब्द गळायचा नाही. आणि पुस्तक उघडलं की तोंडाला कुलूप. दुसरीत गेली तरी इंग्रजी येईना, कन्नड येईना. अक्षरं हलतात म्हणायची. तिच्या पप्पांना वाटे, नाटक करते. मीही धपाटे घातलेत.

मग शाळेच्या मोठ्या मॅडमनी बोलावलं. घरी काय बोलता, विचारलं. मराठी म्हटल्यावर त्यांनी असं बघितलं, जसं काही मी पोरीला ताडीच पाजते. "तीन-तीन भाषांनी मुलीचं डोकं गोंधळलंय. घरात फक्त इंग्लिश बोला. वाचायला लागली नाही तर दुसरी शाळा बघा, सरी, कळलं ना?" शिकलेल्या बाई, चुकीचं कशाला सांगतील. त्या दिवसापासून घरातली मराठी बंद. माझं इंग्रजी तुम्ही ऐकलंय. 'कम, ईट युवर भात.' तुम्ही टोपी तोंडावर धरून हसायचात. पण तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं.

भाकरी थापता थापता, तुमच्याकडे पाठ करून मी म्हटलं, "आबा, तिच्याशी बोलू नका थोडे दिवस."

"थोडे म्हंजे?"

"वाचायला लागेपर्यंत."

"आणि नाहीच लागली तर?"

मी भाकरी उलटली. मग तुम्हीच म्हणालात, "बरं. तिची शाळा टिकू दे. तुझ्या आईनं तरी मला कुठं बोलू दिलं कधी, सवय आहे."

मला वाटलं होतं, चोरून बोलाल. पण तुम्ही शब्दाचे पक्के. अजून दिसतं मला. ती शाळेतून येते, दप्तर टाकते, तुमच्या पुढ्यात बसते. "आबा, मग कोल्हा कुठं गेला?" तुम्ही एक शेंग सोलून दाणे तिच्या हातावर ठेवता. ती पुन्हा विचारते. तुम्ही पुन्हा दाणे ठेवता. मग तिनं विचारणं सोडलं. उन्हाळ्यात विहिरीच्या कामाचं निमित्त काढून तुम्ही गावी गेलात, ते गेलातच. तुम्ही वारल्याची तार आली तेव्हा मी शाळेच्या फाटकाशी उभी होते.

नापास व्हायची ती झालीच. शाळाही सुटली. दुसऱ्या शाळेत एक तरुण बाई होत्या, त्यांनी नीट समजावलं. काही मुलांना अक्षर ओळखायला वेगळी वाट लागते, त्यात मंदपणा नाही, आळस नाही, आणि घरच्या भाषेचा तर संबंधच नाही. उलट गोष्टी ऐकवा, म्हणाल्या, कानानं ती भरभर शिकते. "घरी गोष्टी कोण सांगतं?" मी म्हटलं, आता कोणी नाही.

मराठी तिला कळते, पण बोलताना अडखळते, वाचता तर येतच नाही. परवा क्रीम फेटता फेटता इंग्रजीत म्हणाली, आई, आबांना मी ढ वाटायचे ना, म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. लहान पोरीला काय सांगायचं, म्हणून तेव्हा आम्ही काही सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं ती हेच धरून बसलीय. माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, साखर जास्त पडली बघ.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तिच्या टेबलावर उघडं पडलं तरी तिला वाचता यायचं नाही, म्हणून तर लिहायला धजले. तोंडानं मी सांगणार नाही, आबा. कळलं तर ती माझ्याशी बोलायची नाही. तुम्ही मेलात, तिनं तुमच्यावर राग धरला तरी तुमचं काही जात नाही. मला तिच्याच घरात राहायचंय.