लॅपटॉपवर पेन्सिल चालत नाही

मंगळवार, ४ मार्च

आला! दुपारी साडेतीनला खोकं दारात. सही करायच्या आधीच मी ते ओढून घ्यायला लागले, तसा कुरिअरवाला म्हणाला, "सावकाश बाई, पळून नाही जात तो."

दुकानाच्या यादीतला सगळ्यात स्वस्त लॅपटॉप. राखाडी. प्लॅस्टिकचा, पण लांबून धातूचा वाटतो. झाकण उघडताना किंचित वाकतं, म्हणून दोन्ही हातांनी उघडते. एका हातात उचलून स्वयंपाकघरात नेला, तिथून बाल्कनीत, बाल्कनीतून परत. काही काम नव्हतं. जो टाइपरायटर उचलायला दोन माणसं लागतात त्याच्यापुढे एकोणीस वर्षं बसलेल्या बाईला एवढं माफ असावं.

लेक कॉलेजातून आली तेव्हा मी पडद्यावर बोट फिरवत होते. "आई, हा टचस्क्रीन नाहीये. नुसते डाग पडतील." पडले होतेच.

मास्तर, म्हणजे माझे सासरे. त्यांच्याच टायपिंग क्लासात मी शिकले, त्यामुळे लग्नानंतरही तोंडून 'मास्तर'च येतं. त्यांनी चष्मा चढवून एक कळ दाबली. पुन्हा दाबली. "हिला हाडंच नाहीत," म्हणाले आणि पेपर उघडला.

बुधवार, ५ मार्च

का घेतला ते लिहून ठेवते. नाहीतर पुढे वाटेल की हौसच होती.

वकीलसाहेब या महिन्याच्या ३१ला ऑफिस बंद करतायत. वय झालं, आता पुरे, म्हणाले. एकोणीस वर्षं त्यांचे अर्ज नि प्रतिज्ञापत्रं मी टाइप केली — आणि तीही टाइपरायटरवर, कारण ठोकून उमटलेल्या अक्षराला वजन असतं अशी त्यांची श्रद्धा. ३१ नंतर मी काय करते, असं कुणी विचारलं तर? 'घरीच असते' हे म्हणून बघितलं आरशासमोर. जीभ वळेना.

एक संस्था आहे. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या कामाबद्दल बोलतं करते, रेकॉर्ड करते आणि मोठ्या अक्षरातली पुस्तकं काढते. ऐकून टाइप करणारं माणूस हवंय त्यांना. आधी चाचणी — चार रेकॉर्डिंग, १७ तारखेपर्यंत. जमलं तर पुढची चाळीस माझी. वर्षभराचं काम!

संस्थेच्या संपादकबाईंनी फोनवर विचारलं, "लॅपटॉप आहे ना तुमच्याकडे?"

मी म्हटलं, आहे. तेव्हा नव्हता.

शुक्रवार, ७ मार्च

तीन दिवसांत कळलेलं :

बॅटरी पाच तास म्हणतात, साडेचार पुरते. सुरू व्हायला मी चहाचं आधण ठेवेपर्यंतचा वेळ लागतो. आवाज डब्यात बसून कुणी बोलतंय असा, म्हणून लेकीचे इअरफोन पळवले. कॅमेऱ्यात माझा चेहरा धुक्यातून येतो — हे मात्र मला फार आवडलं, दहा वर्षं गेली कुठल्या कुठे. कळांखाली दिवा नाही. माझ्या बोटांना काय करायचाय दिवा!

लेकीने शोधून शोधून टाइपरायटरसारखीच अक्षरं असलेला कळफलक चालू करून दिला. बोटं जागच्या जागी गेली आणि पळत सुटली. ती मागे उभी राहून बघत होती. "आई, तू बघत पण नाहीस गं खाली." एवढंच म्हणाली. पण तिने स्वतःची खुर्ची ओढून आणली आणि बसून बघितलं.

नवऱ्याने झाकणावरचा पातळ कागद काढू दिलेला नाही. "राहू दे, विकताना बरं पडतं." आणून अजून चार दिवस झाले नाहीत!

रविवार, ९ मार्च

पहिलं रेकॉर्डिंग संपलं. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. दुसरं अर्ध्यावर. बाल्कनीत ऊन येईपर्यंत तिथे, मग आत जेवणाच्या टेबलावर, मग पलंगावर मांडी घालून. यंत्र माझ्या मागे मागे येतं. आजवर मी यंत्राकडे जात होते.

बुधवार, १२ मार्च

तिसरं संपलं. चौथं सुरू केलं — एक टेलिफोन ऑपरेटर. एकतीस वर्षं एका लहान गावाचे फोन जोडून दिले या बाईंनी. काय आवाज आहे! ऐंशी पार केलीय, पण अजून 'हॅलो' म्हणाल्या की आपण सरळ बसतो. "सगळ्या गावाचं बोलणं माझ्या बोटांतून जायचं," म्हणाल्या. मी थांबले. माझ्या बोटांतून वकीलसाहेबांचा सगळा गाव गेला की. तो धागा धरून बसले असते तर काम राहिलं असतं. पुढे गेले.

शनिवार, १५ मार्च

दोन दिवस आधीच पाठवलं! चारही. एकशे बारा पानं. बटण दाबलं आणि 'गेलं' असं आलं, इतकंच. ना शिक्का, ना पोच, ना शिपाई.

मास्तरांनी विचारलं, "चुका?" मी म्हटलं, तीनदा तपासलं. "मग ठीक." मास्तरांचं 'ठीक' म्हणजे पहिला नंबर.

मंगळवार, १८ मार्च

संपादकबाईंचा फोन. आवाज गोडच होता, पण सांगितलं ते असं : "ताई, टायपिंग उत्तम आहे. पण आम्ही अक्षर मोठं केलं आणि सगळ्या ओळी तुटल्या. एक लांब, एक तोकडी, एक लांब, एक तोकडी. तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबताय का?"

दाबतेय का! ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी वाजते, हात वर जातो, दांडा ओढतो. इथे घंटी नाही, पण ती माझ्या कानात वाजते. दर ओळीला करंगळी आपोआप जात होती. या यंत्रात ओळ आपली आपण खाली उतरते, हे मला ठाऊकच नव्हतं. तीन हजारांवर ओळी असतील.

लेक हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. तिने चार कळा दाबल्या आणि सगळे एंटर एका क्षणात नाहीसे. पण परिच्छेदसुद्धा गेले! चार माणसांची चार आयुष्यं, प्रत्येकी एकाच दमात सांगितल्यासारखी. पाठवलेली जुनी प्रत होती, पण तिच्यात ओळीचा एंटर आणि परिच्छेदाचा एंटर सारखेच दिसत होते.

"आता कुठे तोडायचं कसं कळणार?" लेक म्हणाली.

परत ऐकून. दुसरा उपाय नाही. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मुदत वाढवून मिळालीय. वकीलसाहेबांकडे तीन दिवस रजा टाकली. "सुटतंय वाटतं ऑफिस आधीच," म्हणाले, पण दिली.

मास्तरांना सांगितलं नाही. दांड्याकडे हात न्यायला त्यांनीच शिकवलं होतं, पट्टी घेऊन.

गुरुवार, २० मार्च

चूक झाली ते बरं झालं, असं लिहायला भीती वाटते, पण वाटतंय खरं.

पहिल्या वेळी मी शब्द ऐकले होते. आता थांबणं ऐकतेय. माणूस जिथे थांबतं तिथे परिच्छेद तोडायचा, म्हणून कान तिथेच लावलेले. घड्याळवाले आजोबा बायकोचा विषय निघाला की आधी खाकरतात. दुसरे एक विनोद झाल्यावर थांबतात, कुणी हसतं का बघायला.

आणि ऑपरेटर बाई. एकोणचाळिसाव्या मिनिटाला म्हणतात, "एकदा मी एक कॉल जोडला नाही. मुद्दाम." मग काहीच नाही. बावीस सेकंद. मागे पंख्याची घरघर. मग मुलाखत घेणारे गृहस्थ : "बरं, तेव्हा पगार किती होता?" आणि बाई निमूट पगार सांगतात.

पहिल्या वेळी मी हे सलग टाइप करून पुढे गेले होते. स्पीड चांगला होता माझा!

ऑफिसात अशी शंका आली की मी समासात पेन्सिलने बारीक लिहिते, साहेबांना विचारते, मग खोडते. इथे पेन्सिल कुठे टेकवू? म्हणून जागच्या जागी कंसात टाइप करत गेले. मनातलं बाहेर पडलं की पुढे ऐकू येतं. त्या बावीस सेकंदांपाशी लिहिलं : (पगार काय विचारता! कॉल कुणाचा होता? का नाही जोडला? बाई सांगायला बसल्यात आणि कुणी विचारत नाही.)

पाठवण्याआधी सगळे कंस खोडायचे.

शुक्रवार, २१ मार्च

अकराला दहा कमी असताना पडदा निळा झाला. 'अपडेट चालू आहे. बंद करू नका.' सात टक्के. अकरा टक्के. लेक कॉलेजात, नवरा कामावर. मास्तर बाजूला येऊन बसले. "काय करतोय हा?" म्हटलं, स्वतःला सुधारतोय. "आत्ताच?" म्हणाले.

अकरा बावन्नला शुद्धीवर आला. अकरा सत्तावन्नला पाठवलं. तीन मिनिटं राखून! मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पंचवीस वर्षांत पहिली.

रविवार, २३ मार्च

नवऱ्याला कौतुकाने फाइल उघडून दाखवत होते. "हे कंसात काय आहे?" त्याने वाचून दाखवलं. 'पगार काय विचारता!'

खोडलेच नाहीत. एकही नाही. मोजले — एकतीस कंस. एके ठिकाणी (हसल्या, पण हे हसू खरं नाही.) दुसरीकडे (आता तरी विचारा हो!)

बाल्कनीत जाऊन उभी राहिले. नवरा मागून आला. "चांगलं लिहिलंयस पण." मी दोरीवरचे कपडे काढायला लागले. "खरंच सांगतोय."

सोमवार, २४ मार्च

फोन केला. चुकून राहिलंय, नीट फाइल आत्ता पाठवते, म्हटलं.

"छापून गेलीसुद्धा, ताई. ज्याची आठवण त्याला आधी वाचायला देतो आम्ही, त्याची संमती लागते. ऑपरेटर बाईंचा भाग शनिवारीच गेला." मग म्हणाल्या : "मुलाखत घेतात ते आमचे अध्यक्ष आहेत."

चाळीस रेकॉर्डिंगचं विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनीही काढलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

काही नाही. फोन उशाशी, ताटाशी, बेसिनपाशी.

तरी लॅपटॉप रोज उघडते. आज वकीलसाहेबांसाठी निरोपाचं पत्र त्यावर लिहिलं. एकदाही एंटर दाबला नाही. ओळी आपल्या आपण उतरत होत्या, आणि वाईट वाटत असूनही मला त्याची मजा वाटली.

सोमवार, ३१ मार्च

ऑफिस बंद. साहेबांनी विचारलं, "टाइपरायटर नेता का?" नको म्हटलं. मग जिना उतरताना दोन पायऱ्यांवर थांबले. घरी येऊन मास्तरांना सगळं सांगितलं — एंटर, कंस, अध्यक्ष. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "विचारायला हवंच होतं त्या माणसाने," म्हणाले.

बुधवार, २ एप्रिल

फोन आला. ऑपरेटर बाईंनी सगळी पानं वाचली, संमतीवर सही केली नाही. संस्थेत फोन लावून म्हणाल्या, "कंसात बोलते ती कोण आहे? तिला पाठवा. कॉल कुणाचा होता ते तिला सांगते. त्या पगारवाल्यांना नको."

अध्यक्ष स्वतः म्हणालेत, जाऊ दे तिलाच. चाळिसांपैकी पुढच्या बारा मुलाखती अजून व्हायच्यात. त्याही मी घेईन का, असं विचारतायत.

पहिली, ऑपरेटर बाईंची, शुक्रवारी, सकाळी अकराला. टाइप करायला नाही. लॅपटॉप घरी ठेवायचा आहे.